कोपऱ्यात बसलेला गिनीपिग



आमच्या गारखेड्यातल्या घरी कुणी नवखा आला की पिंजऱ्याकडे बघून हमखास विचारतो, “हे काय, उंदीर पाळलेत का?” मग माझी नात त्याला समजावून सांगते, की हा उंदीर नाही, गिनीपिग. नावात पिग असलं तरी डुक्कर नाही, आणि आफ्रिकेतल्या गिनी देशाचाही नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पाहुणा मान डोलावतो आणि निघताना म्हणतो, “छान आहेत हो तुमचे उंदीर!”

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. गिनीपिग हा शब्द मुलांना फळ्यावर लिहून दाखवला असेल शेकडो वेळा, पण प्रत्यक्ष प्राणी हातात घेतला तो निवृत्तीनंतर, नातीच्या हट्टापायी. दुकानातून दोन माद्या आणल्या. एकीचं नाव बुंदी, दुसरीचं चकली. त्यातली चकली आज नाही, आणि ती का नाही हे सांगण्यासाठीच मी आज बोलतो आहे.

पावसाळ्याचे दिवस होते. चकली पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसू लागली. कोथिंबिरीची काडी दाखवली की धावत यायची, हुंगायची, तोंडात धरायची आणि टाकून द्यायची. मी म्हटलं, नखरे चाललेत. सुनेला तिची हनुवटी ओली दिसली, तिने मला सांगितलंही. मी म्हटलं, पाणी प्यायली असेल. असे तीन दिवस गेले. कुत्र्याला दुखलं तर ते कण्हतं, गाय रवंथ थांबवते, लगेच कळतं. गिनीपिग मात्र जंगलात दुसऱ्याची शिकार होणारा प्राणी. दुखणं दिसलं की जीव गेला, हे त्याच्या रक्तात मुरलेलं असतं. त्यामुळे तो शेवटपर्यंत लपवतो, आणि आपल्या लक्षात येतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

आता कळतं, की भूक असून खाता न येणं आणि तोंडातून लाळ गळणं ही दाढांच्या दुखण्याची खूण. या प्राण्याचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात. कडक गवत दिवसभर चावत राहिल्यानेच त्या झिजतात. गवत कमी आणि मऊ भाजी जास्त असं झालं की दाढा वाढून जिभेवर कमानीसारख्या येतात आणि घास गिळता येत नाही. पुढचे दात ठीक दिसतात, म्हणून आपण फसतो. दाढा बघायला डॉक्टरच लागतो, त्याच्याकडे तसं उपकरण असतं. वेळेत गेलं तर भूल देऊन त्या घासता येतात.

मी काय केलं? तिसऱ्या दिवशी रात्री माझ्याच दाताच्या दुखण्यातून उरलेली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल फोडली, चिमूटभर पूड पाण्यात कालवून चकलीला पाजली. विज्ञानाचा मास्तर ना मी! दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजली. त्यानंतर तिला जुलाब सुरू झाले, अंग गार पडलं आणि ती गेली. नात शाळेत होती.

नंतर एका पशुवैद्यांनी मला समजावलं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, म्हणजे अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन वगैरे, गिनीपिगला तोंडावाटे दिली तर विषासारखी ठरू शकतात. त्याचं सारं पचन आतड्यातल्या उपयोगी जंतूंवर चालतं. हे औषध त्यांना मारतं, घातक जंतूंना रान मोकळं मिळतं आणि त्यांचं विष शरीरात भिनतं. त्याला सोसणारी दुसरी औषधं आहेत. कोणतं आणि किती, ते वजनावरून डॉक्टर ठरवतात. दाढा वेळेत दाखवल्या असत्या तर चकली वाचली असती का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण औषध मी दिलं, हे खरं आहे. नातीला ते सांगायला मला दोन महिने लागले.

त्यानंतर मी स्वयंपाकघरातला काटा मागून घेतला. दर रविवारी सकाळी बुंदीला एका भांड्यात बसवून वजन करायचं आणि वहीत लिहायचं. घरातले हसले. पण जो प्राणी आपलं दुखणं सांगत नाही, त्याचं वजन सांगतं. मोठा गिनीपिग साधारण सातशे ग्रॅम ते बाराशे ग्रॅम भरतो. दहावीस ग्रॅम इकडेतिकडे होणारच. आठवड्यात पन्नास ग्रॅम उतरले तर मात्र काहीतरी बिनसलं आहे असं धरावं.

वजनाच्या जोडीला लेंड्या. हसू नका. निरोगी गिनीपिग दिवसभर खातो आणि दिवसभर लेंड्या टाकतो. त्या कमी झाल्या, बारीक किंवा टोकदार झाल्या, की पोट मंदावलं. आणि पोट थांबणं ही या प्राण्याची सर्वांत वाईट गोष्ट. आपण एखादा दिवस लंघन करतो, बरं वाटतं. त्याला लंघन चालत नाही. बारा तास तोंडात काही गेलं नाही तर ती तातडीची वेळ समजायची. ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. लघवीत रक्त, श्वासाला घरघर, डोळ्यांना खपल्या, मान एका बाजूला कलणं, यांपैकी काहीही दिसलं तरी तेच.

वहीचा उपयोग पुढच्याच उन्हाळ्यात झाला. बुंदी आठशे पन्नासवरून सातशे नव्वदवर आली. खात होती, पण कमी. उचलायला गेलं की किंचाळायची, मागचे पाय ओढल्यासारखी चालायची. त्याच सकाळी डॉक्टरकडे नेली. त्यांनी सांधे चाचपले आणि पहिला प्रश्न विचारला, काय खायला घालता? मी अभिमानाने सांगितलं, दिवाळीत आणलेलं गोळीखाद्य अजून पुरतंय. तिथेच चूक होती. माणसासारखंच गिनीपिगचं शरीरही क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. ते रोजच्या रोज बाहेरून मिळावं लागतं. गोळीखाद्यात घातलेलं असतं, पण उघड्या पुड्यात काही महिन्यांत ते नाहीसं होतं. बुंदीला स्कर्व्ही झाला होता, पूर्वीच्या खलाशांना व्हायचा तोच.

गंमत म्हणजे हा रोग प्राण्यांत पहिल्यांदा दिसला तो गिनीपिगमध्येच. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना स्कर्व्ही झाला. त्या वाटेने पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागला. १९३७ साली सेंट ग्यॉर्गी यांना नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. हे सगळं मी वर्गात शिकवलेलं. घरातल्या गिनीपिगला मात्र शिळं खाद्य घातलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आठवडाभराने बुंदी पुन्हा उड्या मारू लागली. तेव्हापासून रोज ढोबळी मिरचीची एक फोड किंवा पेरूचा तुकडा, आणि दिवसभर समोर वाळलेलं गवत. लसूणघास आपल्याकडे सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम फार. मोठ्या गिनीपिगला रोज घातला तर मूतखडा होऊ शकतो. हराळी चालते, फक्त औषध फवारलेल्या बांधावरची नको.

आपल्या शहराचा उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, आणि गिनीपिगला तिशीतच त्रास सुरू होतो. पत्र्याखाली किंवा गच्चीवर पिंजरा ठेवलात तर दुपारीच प्राणी जातो. आडवा पडून धापा टाकत असेल तर सावलीत आणा, साध्या पाण्याने अंग ओलं करा, बर्फाचं पाणी नको, आणि तसाच डॉक्टरकडे न्या.

डॉक्टर कुठे, हा खरा प्रश्न. खडकेश्वरचा जनावरांचा सरकारी दवाखाना सर्वांना ठाऊक आहे. तिथलं मुख्य काम गाई-म्हशींचं. खासगी दवाखान्यांत कुत्री-मांजरं अधिक. म्हणून प्राणी धडधाकट असतानाच दोन-तीन दवाखान्यांत फोन करून सरळ विचारून ठेवा, गिनीपिग बघता का? दाढा तपासता का? मला एकांनी स्वच्छ सांगितलं, की आम्हाला याची सवय नाही. त्याचा मला राग आला नाही, उलट आधार वाटला. अवघड दुखणं असेल तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, रेल्वेने तीन-चार तासांवर. मुंबईत परळला त्याहून जुनं, १८८६ सालचं.

नेताना बंद पण हवा खेळती राहील अशी करंडी घ्या, आत गवत टाका. प्रवासात खायला मिळालंच पाहिजे. ताज्या लेंड्या कागदात बांधून न्या, वजनाची वही न्या, आणि घरचं काही औषध दिलं असेल तर न लाजता सांगा. सोबतीण असेल तर तिलाही बरोबर न्या; दोघी एकत्र असल्या की कमी घाबरतात.

बुंदीलाही आता सोबतीण आहे, शेव. तिला आणल्यावर आधी दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवलं, मगच एकत्र केलं. वजनाची वही नातीने ताब्यात घेतली आहे. गेल्या रविवारी बुंदी आठशे चाळीस भरली, शेव सातशे दहा.