बरे होणे हेही कामच



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही कंत्राटी पद्धतीवर किंवा 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांवर बोलू. ते विषय मोठे आहेत आणि त्यांवर बोलणारे आमच्याहून जाणकार लोक आहेत. आम्ही कळविले की कारखान्यात हात गमावलेला माणूस घरी येऊन बरा कसा होतो, त्याला कोण बरे करते, यावर बोलू. हा विषय आम्हांस पुस्तकातून शिकावा लागला नाही. आमचे शिक्षण नववीपर्यंत; पुढचे जे काय झाले ते नगर वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. आणि आम्ही ‘आम्ही’ म्हणतो याचा राग मानू नये. तीस वर्षे पत्रके लिहिता लिहिता ‘मी’ म्हणण्याची सवय सुटली, ती आता लागायची नाही.

सभागृहातील पुष्कळांनी पॉवरप्रेस पाहिला नसेल. खाली डाय, वर पंच. मधे पत्रा सरकवायचा, पायाने पॅडल दाबायचे, पंच खाली येतो आणि पत्र्याचा जॉब कापून निघतो. जुन्या बनावटीच्या प्रेसमध्ये एकदा पॅडल दाबले की फेरा पुरा झाल्यावाचून पंच थांबत नाही. मधे हात आहे की पत्रा आहे हे त्याला कळत नाही. क्लचची चावी झिजली असेल तर तो न दाबताही दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार त्याला ‘प्रेस डबल मारतो’ असे म्हणतात. हे सारे टाळता येते. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज चालणार नाही अशी सोय करता येते, जाळी बसवता येते. 1948 च्या कारखाना कायद्यातच धोकादायक यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती होती. परंतु जाळीमुळे जॉब सावकाश निघतात आणि मजुरी नगावर असते. हरियाणात गुरगाव-मानेसर भागात जखमी कामगारांना मदत करणारी ‘सेफ इन इंडिया’ नावाची संस्था 2019 पासून आपले अहवाल छापते. त्यांतही बोटे चिरडण्याच्या अपघातांत मोठा वाटा पॉवरप्रेसचाच आहे. म्हणजे जी गोष्ट आमच्या हाताला 1994 साली झाली ती आजही होते आहे. आमच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट गेले. वय चोवीस, लग्नाला दोन वर्षे, मुलगी आठ महिन्यांची. अपघाताचे वर्णन यापुढे करीत नाही. ते अर्ध्या मिनिटाचे काम होते. बरे होण्याचे काम वर्षभराचे, म्हणून बोलायचे ते त्याबद्दल.

पहिल्यांदा हसण्याविषयी. वॉर्डात आमच्या रांगेत सात खाटा होत्या आणि सातांपैकी पाच हातवाले. तिथे कोणी कुणाला नावाने हाक मारीत नसे. ज्याची जितकी बोटे उरली तेवढा त्याचा आकडा. आम्ही ‘आठ’. शेजारच्याच्या बोटाचे एक पेर गेले होते, तो ‘पावणेदहा’. हिशेबात तो थोडा चुकीचा होता, पण त्याला ते नाव आवडे. सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी हात सदोदित छातीच्या वर ठेवायला सांगितला होता. युनियनमधले मित्र भेटायला आले, आमचा वर केलेला हात पाहिला आणि म्हणाले, “ठराव एकमताने मंजूर झाला, आता खाली घ्या!” टाक्यांना ताण बसेपर्यंत आम्ही हसलो. अपघातानंतर हसण्याची ती पहिली वेळ.

भरपाईचा तक्ता आम्ही त्याच वॉर्डात पहिल्यांदा वाचला. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाचा भाव दिलेला होता. अंगठा गेला तर कमावण्याची शक्ती 30 टक्के गेली असे धरायचे. तर्जनी मुळापासून गेली तर 14, मधले बोट 12, करंगळी 7. आम्ही बेरीज केली, 26. पण त्याच तक्त्यात वरच्या बाजूला आणखी एक ओळ होती: एका हाताची दोन बोटे, 20. ‘पावणेदहा’ने कागद हातात घेतला, नीट वाचला आणि म्हणाला, “दादा, घाऊकात गेलीत तुमची. किरकोळीनं एकेक घालवायची होती!” एवढे खरे बोल आम्ही नंतर कोणत्याही परिषदेत ऐकले नाहीत.

मात्र यात एक भेद आहे. सुपरवायझर फळांची पिशवी घेऊन आला आणि खाटेच्या कडेला उभा राहून म्हणाला, “चला, डावाच हात आहे, नशीब!” तोही विनोदच करायला पाहत होता. कोणी हसले नाही. कायद्याच्या तक्त्यात डाव्या-उजव्या बोटात फरक नव्हता. तो सुपरवायझरच्या डोक्यात होता. ज्याची जखम त्याने विनोद करावा, किंवा ज्याच्या अंगावर तसलीच जखम आहे त्याने. इतरांनी आमंत्रणाची वाट पाहावी.

हसण्याने रोग बरा होतो असे सांगणारे पुष्कळ निघाले आहेत. नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाने आपल्या दुखण्यात विनोदी चित्रपट पाहून वेदना कशी हटवली त्याचे पुस्तक 1979 साली लिहिले. मुंबईच्या एका बागेत 1995 साली डॉ. मदन कटारिया यांनी हास्यक्लब काढला आणि तो जगभर पसरला. आम्ही त्याची थट्टा करणार नाही. एवढेच म्हणतो की पहाटे बागेत जाऊन हसायला पहाट मोकळी असावी लागते. पहिल्या पाळीच्या माणसाला ती नसते. त्याचे हसणे त्याला खाटेवर, रांगेत, दवाखान्याच्या खिडकीपुढेच उरकावे लागते.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. गेलेले बोट खाजते. रात्री झोपेतून उठून आम्ही ते खाजवायला जात असू आणि हात हवेत फिरे. वेड लागले की काय अशी भीती वाटली. पुढे वाचनालयात कळले की ही गोष्ट फार जुनी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या शिपायांत वेअर मिचेल या डॉक्टराने ती पाहिली आणि 1871 साली तिला भुताच्या अवयवाचे नाव दिले. आपल्याच देशातून तिकडे गेलेले डॉ. रामचंद्रन यांनी तर साधा आरसा पुढे ठेवून, धड हाताचे प्रतिबिंब दाखवून, असली वेदना काही रोग्यांत कमी करता येते हे दाखविले. पण 1994 साली आमच्याजवळ ना मिचेल होता ना आरसा. बायको होती. तिने अंधारात विचारले, “काय झालं?” आम्ही सांगितले, नसलेले बोट खाजते आहे. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “मग नसलेल्या नखानं खाजवा आणि झोपा. पाचला पाणी येतं.”

आता घराविषयी. दवाखान्यातून सुटताना हाताचे व्यायाम सांगतात. जखम भरल्यावर थोटके इतके हळवे असते की सदऱ्याची बाही लागली तरी जीव कळवळतो. ती हळवी कातडी बोथट करावी म्हणून हात आधी कापसावर, मग जाड कापडावर, मग धान्यात घालून फिरवायचा. आमच्या आईने परातीत तांदूळ ओतले. त्यांत हात घालून आम्ही रोज अर्धा तास बसत असू आणि ती शेजारी बसून तेच तांदूळ निवडी. पुढे मुठीत जोर यावा म्हणून मऊ गोळा दाबायला सांगितला. तसला गोळा दुकानात महाग होता. बायकोने परात पुढे सरकवली: “कणीक मळा. गोळाही झाला, पोळ्याही झाल्या.” चाळीतल्या बायकांना महिनाभर करमणूक झाली. आमच्या पोळ्या वातड होत, याची नोंद घरात अजून आहे.

हे सांगताना हसू येते, पण जरा त्या बाईचा दिवस पाहा. पहाटे पाणी, मुलगी, नवऱ्याचे तोंड धुण्यापासून गुंड्या लावण्यापर्यंत सर्व. मग दवाखान्याची रांग, मग सह्यांसाठी कचेरी, आणि संध्याकाळी चार घरचे डबे, कारण रजेचा पगार पुरत नव्हता. राज्य विम्यात आज अपघाताच्या रजेत मजुरीच्या 90 टक्के मिळतात; चांगली तरतूद आहे. परंतु जखमी माणसाची सेवा करण्यासाठी जिची मजुरी बुडते तिचा रकाना कुठल्याही अर्जात आम्हांस दिसला नाही. कारखान्याने मोडलेला माणूस घराने फुकटात दुरुस्त करून पुन्हा कारखान्याच्या दारात नेऊन उभा करायचा, हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की त्याला आपण प्रेम म्हणून मोकळे होतो. प्रेम आहेच. पण ते बिनपगारी कामही आहे.

आणि ज्याचे घर इथे नाही त्याचे काय? काही वर्षांपूर्वी बिहारकडचा एक वीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. उजव्या हाताची तीन बोटे गेलेली. त्याचे विम्याचे कार्ड अपघाताच्या दुसऱ्या दिवशीच्या तारखेचे होते. मालकाला कामगार आहे याची आठवण त्या दिवशी झाली. हा मुलगा आठ जणांच्या खोलीत राही. घरी कळवले तर आई जेवण सोडील म्हणून त्याने कळवलेही नव्हते. पण खोलीतले सातजण तिन्ही पाळ्यांत वाटलेले असल्यामुळे कोणी ना कोणी खोलीत असेच. पहिल्या पाळीवाला संध्याकाळी जेवू घाली, रात्रपाळीवाला सकाळी आंघोळ घाली आणि पायजम्याची नाडी बांधण्याचे काम दुसऱ्या पाळीवाल्याकडे होते. तो कामावर गेला की मुलगा पाणी पिणे कमी करी. हे त्याने आम्हांस हसत सांगितले. आम्हांस हसता आले नाही.

श्रद्धेविषयी बोलताना आमचे काही जुने सहकारी भुवया चढवतील. चढवू देत. आमच्या आईने जेजुरीच्या खंडोबाला नवस बोलला होता. आम्ही तेव्हा नव्या वाचनाच्या तोऱ्यात होतो. तिला म्हणालो, “देवानं वाचवलं म्हणतेस, मग बोटं कापली कुणी?” ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “कापली मशीननं. वाचवलं देवानं. तू मशीनवाल्याशी भांड, देवाचं मी बघते.” इतकी स्वच्छ कामाची वाटणी आम्ही कोणत्याही संघटनेच्या घटनेत पाहिली नाही. पुढे ती आम्हांस घेऊन जेजुरीच्या पायऱ्या चढली. डाव्या हाताने भंडारा उधळायचा नसतो म्हणून उजव्याने उधळला, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी प्रथमच आम्ही चार माणसांत खिशातून डावा हात बाहेर काढला. त्या गर्दीत सगळ्यांचेच हात पिवळे होते. कोणाची बोटे किती हे मोजायला कुणाला सवड नव्हती.

उलट प्रकारची श्रद्धाही आम्ही पाहिली आहे. दुसऱ्या एका कारखान्यातील मित्राने भरपाईचा अर्जच केला नाही. पूर्वजन्मीचे भोग होते ते फिटले, म्हणाला. त्याला हे कोणी शिकवले? मालकाने नव्हे, पण मालकाला ते आवडले. जी श्रद्धा माणसाला खाटेवरून उठवते ती आम्हांस मान्य आहे, तिचा देव कोणताही असो. जी त्याला अर्जावर सही करू देत नाही तिच्याशी आमचे भांडण आहे.

जयपूरच्या पायाची गोष्ट या ठिकाणी आठवते. 1968 च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी तो घडविला. शर्मा हे कारागीर. शाळा फारशी झालेली नाही. परदेशी पाय होते, पण ते बुटात घालायचे. ते लावून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चालता येत नसे. म्हणजे पाय मिळाला तरी माणूस पंगतीतून उठला, शेतातून उठला, देवळाच्या दारातून परत फिरला. या दोघांनी रबराचा असा पाय केला की तो लावून चिखलात चालावे आणि घरात मांडी घालावी. डॉ. सेठींना 1981 साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. कारागिराचे नाव मागे राहिले, म्हणून आम्ही ते मुद्दाम मोठ्याने घेतो. बरे होणे म्हणजे ताटावर आपल्या माणसांबरोबर बसता येणे, हे त्यांना ठाऊक होते.

सत्कारांत जखमी कामगाराच्या हिंमतीची फार स्तुती होते. ती ऐकताना आम्हांस धास्ती वाटते. हिंमत आहे म्हणून जाळी नको, बायको खंबीर आहे म्हणून मदतनीस नको, असा तिचा अर्थ कचेरीत लावला जातो. एका कारखान्यात खंडेनवमीला घडलेले सांगतो. सकाळी यंत्रे धुतली, झेंडूच्या माळा आल्या, मालक सहकुटुंब आले. पहिल्या प्रेसची पूजा नेहमी एका जुन्या माळकरी कामगाराच्या हातून होत असे. त्याची स्वतःची दोन पेरे त्याच प्रेसवर गेली होती. त्याने ताट खाली ठेवले. म्हणाला, “शेठ, देवाला वस्त्र नेसवल्याशिवाय पूजा होत नाही. ह्याची जाळी कुठं आहे?” लोक आधी हसले. तो हसला नाही. मांडी घालून प्रेसपुढे बसला. मग बाकीचेही बसले. जाळी स्टोअरमध्ये होती, यंत्राबरोबरच आलेली, कागदसुद्धा न फाडलेली. फिटर पाना शोधायला धावला. चार बोल्ट बसेस्तोवर दीड वाजला. त्यानंतर त्याने कुंकू लावले, नारळ फोडला, आणि पेढे वाटताना सुपरवायझरला दोन दिले.