रुग्णाचाही शब्द चालतो

खांदा कॉलनीतून ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचं, तर खांदेश्वर स्थानकावर ठाण्याची लोकल पकडायची. हे रुग्णालय १९०१ सालापासूनचं. पण अनेक घरांना हे अंतर किलोमीटरचं वाटत नाही; 'तिथं आपल्या माणसाला कसं वागवतील?' या धास्तीचं वाटतं.

२०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा नेमकं याच धास्तीला उत्तर देतो. दाखल रुग्णाला स्वतःचे कपडे घालता येतात, गणवेशाची सक्ती नाही. डोकं जबरदस्तीने भादरता येत नाही. उपचारांची माहिती समजेल अशा भाषेत मिळायला हवी; सेवेत उणीव राहिली तर तक्रार करता येते. पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे बरं असतानाच लिहून ठेवता येतं.

डॉक्टरांकडे जाताना झोप, भूक, सुस्ती यांत औषधांनी काय फरक पडला ते टिपून न्या. आणि नातेवाईकहो, आधी रुग्णाला बोलू द्या.

घराबाहेर पडणंच जड जात असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो: एक-चार-चार-एक-सहा. तिथं मराठीतूनही बोलता येतं.