मृत्युशय्येवरील बालक आणि समाजाचे कर्तव्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



लहान मुलाच्या मरणाविषयी बोलणे कुणालाही नकोसे वाटते. वृद्धाच्या मरणानंतर निदान आयुष्य पुरे झाल्याचे समाधान मानता येते. बालकाचे मरण मात्र निसर्गाचा क्रमच उलटा करून टाकते. म्हणूनच या विषयाभोवती मौन पसरलेले असते. डॉक्टर मोजके बोलतात, आईबाप विचारायला धजत नाहीत, आणि सामाजिक चळवळी हे ज्याचे त्याचे खाजगी दुःख म्हणून बाजूला होतात. पण या मौनाच्या आड दररोज निर्णय होत असतात. अतिदक्षता विभागात पडलेल्या बालकावर उपचार कुठवर चालवायचे, केव्हा थांबवायचे, थांबवल्यावर त्याच्या उशाशी कोण बसायचे, हे कुणीतरी ठरवीतच असते. ते कोण ठरवते आणि कशाच्या आधारावर ठरवते, हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

अतिदक्षता विभागाची कल्पना मुळात एका मुलीच्या बिछान्याशेजारी जन्माला आली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडाम या सार्वजनिक रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसे, त्यांत अनेक मुले, रोज दाखल होत होती. त्या काळच्या श्वसनयंत्रांवर पहिल्या तीन आठवड्यांत ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद घ्यायला लावून नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. पण पिशवी दाबणारे हात रात्रंदिवस कुठून आणायचे? सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने आले. साथीच्या ऐन भरात एकाच वेळी सत्तर रुग्णांचा श्वास असा माणसांच्या हातांनी चालू होता. अतिदक्षता विभागाचा पाया यंत्राने घातला असे मानले जाते. वस्तुतः तो समाजाने आळीपाळीने पुढे केलेल्या हातांनी घातला.

पुढे यंत्रे सुधारली. १९५५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे केवळ बालकांसाठी असा विभाग सुरू झाला. भारतात बालकांचे अतिदक्षता विभाग प्रामुख्याने १९९० नंतर उभे राहिले. म्हणजे आरोग्यसेवा बाजाराच्या हाती सोपवण्याचे धोरण ज्या काळात मूळ धरत होते, त्याच काळात. परिणामी एकीकडे खाजगी रुग्णालयांत दिवसाला हजारो रुपये आकारणाऱ्या खाटा निर्माण झाल्या, आणि दुसरीकडे सार्वजनिक रुग्णालयांत श्वसनयंत्र मिळेना म्हणून हाताने दाबायची पिशवी बापाच्याच हाती दिल्याची उदाहरणे घडत राहिली. डेन्मार्कमध्येच १९५६ साली तयार झालेली ही पिशवी. तिथे अशी पिशवी दाबायला समाज उभा राहिला होता. इथे उपाशीपोटी जागणारा बाप ती एकटा दाबतो, आणि डुलकी लागली तर आपल्या हातून पोर जाईल या भीतीने दचकून उठतो.

या विभागातील यंत्रे नेमके काय करतात, हे नीट समजून घेतले पाहिजे. श्वसनयंत्र श्वास चालवते, औषधे रक्तदाब टिकवतात, मूत्रपिंडाचे काम बाहेरून करता येते. यांपैकी कशानेही मूळ रोग बरा होत नाही. शरीराला सावरायला अवधी मिळतो, एवढेच. न्यूमोनिया, सर्पदंश, डेंग्यू अशा अनेक विकारांत हा अवधी मुलाला परत आणतो, म्हणून हे विभाग अमोल आहेत आणि ते प्रत्येक जिल्ह्यात असलेच पाहिजेत. परंतु जेव्हा मेंदू किंवा अन्य अवयव सावरण्यापलीकडे गेलेले असतात, तेव्हा तीच यंत्रे जगणे न वाढवता मरणे लांबवतात. नळ्या, सुया, बांधलेले हात, सतत वाजणाऱ्या घंटा, आणि काचेपलीकडे उभी असलेली आई. जगण्याचा लढा कुठे संपला आणि केवळ यातनांचा विस्तार कुठे सुरू झाला, ही रेषा ओळखणे हे वैद्यकशास्त्रातील सर्वांत अवघड काम आहे. ते घाईने होत नाही आणि एकट्याने करता येत नाही.

आता प्रत्यक्षात काय घडते? एक प्रातिनिधिक चित्र डोळ्यांसमोर आणावे. बांधकामावर राबणाऱ्या जोडप्याची चार वर्षांची मुलगी. पंधरा दिवस ताप, उलट्या, मग झटके. गावातील दवाखाना, तालुक्याचे रुग्णालय, मग शहर. प्रत्येक ठिकाणी थोडा पैसा आणि थोडा वेळ गेला. क्षयाच्या जंतूंनी मेंदूच्या आवरणाला सूज आणली आहे, हे निदान झाले तेव्हा मुलगी बेशुद्ध होती. खाट मिळाली ती खाजगी रुग्णालयात. दहाव्या दिवशी उसने, दागिने, मुकादमाकडची उचल, सारे संपले. अकराव्या दिवशी बापाने एका छापील कागदावर सही केली, किंवा अंगठा उठवला. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास घरी नेत आहोत,’ असा तो मजकूर. नळी काढली गेली. भाड्याच्या गाडीत, आईच्या मांडीवर, धाप लागलेल्या अवस्थेत, वेदनाशामक औषधाच्या एका थेंबाविना त्या मुलीचा प्रवास सुरू झाला, आणि गाव येण्याआधी संपला.

त्या मुलीवरचे उपचार थांबवणे वैद्यकीय दृष्ट्या योग्य होते की अयोग्य, हे या कहाणीत कुणी विचारलेच नाही, याकडे लक्ष दिले पाहिजे. कदाचित ती सावरली असती. कदाचित ती सावरण्यापलीकडे गेली होती आणि तिसऱ्याच दिवशी कुणीतरी आईबापांना जवळ बसवून तसे सांगायला हवे होते. दोन्हींपैकी काहीही खरे असले, तरी निर्णय केला तो रुग्णालयाच्या बिलाने. कागदावर मात्र लिहिले गेले की, तो बापाने केला, आणि तोही डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध! आपल्याच सहीने आपले मूल मारले, हा सल घेऊन तो माणूस उरलेले आयुष्य काढतो. दारिद्र्याने केलेल्या कृत्याची जबाबदारी दरिद्री माणसाच्या अंगठ्याखाली नोंदवणारी याहून क्रूर व्यवस्था दुसरी कोणती असेल?

यात डॉक्टरांना खलनायक ठरवून भागणार नाही. सलग ड्यूटी करणारे निवासी डॉक्टर आणि अनेक खाटा एकटीने सांभाळणाऱ्या परिचारिका यांना आईबापांशी तासभर शांतपणे बोलायला सवड कुठून मिळावी? शिवाय कायद्याची भीती आहे. यंत्र काढले तर खटला होईल, या धास्तीने निष्फळ उपचार चालू राहतात. आणि ‘सल्ल्याविरुद्ध’चा कागद सर्वांनाच सोयीचा ठरतो.

ही धास्ती बाळगण्याचे कारण आता बरेचसे उरलेले नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात चार दशकांवर काळ अचेत अवस्थेत असलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणी २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट प्रथम मोकळी केली. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्या वेळी घालून दिलेली पद्धत फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सुलभ करण्यात आली. रुग्णालयातील एका प्राथमिक मंडळाने आणि त्यानंतर दुसऱ्या मंडळाने रुग्णाची स्थिती तपासायची. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचे, कुटुंबाची संमती घ्यायची आणि दंडाधिकाऱ्यांना कळवायचे. आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा फक्त सज्ञान व्यक्तीला आहे. बालकाच्या बाबतीत बोलायचे ते आईबापांनी आणि पडताळायचे ते या मंडळांनी. म्हणजे पद्धत आहे. परंतु मंडळे कागदावर राहिली, तर गरिबाच्या वाट्याला तो छापील कागदच येणार.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गांभीर्याने ऐकला पाहिजे. उपचार थांबवण्याला कायद्याची वाट करून दिली की तिच्यावरून सर्वांत आधी गरिबांचीच मुले ढकलली जातील; त्यातही मुली, आणि अपंग मुले. ही भीती निराधार नाही. पण ती वाट बंद ठेवल्याने ढकलणे थांबलेले नाही, ते केवळ नोंदीबाहेर गेले आहे. त्याचा खरा प्रतिबंध एकच. ‘उपचार चालू ठेवा’ असे जो निर्धास्तपणे म्हणू शकतो, त्याच्याच ‘आता थांबवा’ या शब्दांना संमतीचे मोल असते. ज्याला पहिला पर्याय परवडत नाही, त्याच्या दुसऱ्या पर्यायाला निवड म्हणणे ही थट्टा आहे. मरणाच्या सन्मानाचा हक्क उपचाराच्या हक्कावर उभा आहे. पाया नसेल तर कळस टिकत नाही.

२०१७ साली ब्रिटनमध्ये चार्ली गार्ड या तान्ह्या मुलाचे प्रकरण जगभर गाजले. दुर्मिळ जनुकीय विकाराने ग्रासलेल्या या मुलाचे श्वसनयंत्र काढू नये, त्याला प्रायोगिक उपचारांसाठी अमेरिकेत नेऊ द्यावे, असा आईवडिलांचा आग्रह होता. तो त्याच्या हिताचा नाही, असे डॉक्टरांचे मत होते. खटला सर्वोच्च पातळीपर्यंत गेला, निकाल आईवडिलांविरुद्ध लागला आणि त्या वर्षीच्या जुलैत, पहिला वाढदिवस येण्यापूर्वीच, चार्ली गेला. त्या निकालाविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु लंडनच्या त्या रुग्णालयातील खाटेचे भाडे आईबापांच्या डोक्यावर नव्हते. राष्ट्रीय आरोग्यसेवा ते सोशीत होती. म्हणून सारा वाद ‘या मुलाचे हित कशात?’ या एका प्रश्नावर होऊ शकला. बिल बाजूला झाल्याशिवाय तो प्रश्न नीट विचारताच येत नाही.

आपल्या देशात २०२१-२२ साली आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला, आणि शासनांचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ज्या बापाला अकराव्या दिवशी अंगठा उठवावा लागला, त्याच्या दुःखाचे अर्थशास्त्र या आकड्यांत आहे.

दुसरी गोष्ट वेदनेची. यंत्र थांबवणे म्हणजे शुश्रूषा थांबवणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ सालीच सांगितले की, बालकाची उपशामक शुश्रूषा निदानापासूनच सुरू व्हावी, रोगावरचे उपचार चालू असोत वा नसोत ती अखंड राहावी, आणि तिने मुलाच्या शरीराबरोबर मनाची आणि कुटुंबाचीही काळजी वाहावी. त्यासाठी फार महाग काही लागत नाही. मॉर्फिनसारखे स्वस्त औषध, ते देण्याचे ज्ञान, आणि जवळ बसणारे माणूस. पण अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील परवान्यांच्या जाळ्यात हे औषध वर्षानुवर्षे अडकले. २०१४ च्या दुरुस्तीने ते जाळे बरेच सैल केले. तरीही अनेक रुग्णालयांच्या कपाटात ते नसते, आणि डॉक्टरांच्या मनातील धाक कायम असतो.

आणि हे इथे अशक्य आहे असेही नाही. केरळात १९९३ साली कोळिकोड येथे काही डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी हे काम सुरू केले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारच्या सामान्य माणसांनी ते हाती घेतले, आणि २००८ साली राज्याने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर करून पंचायतींना त्यात गुंतवले. महाराष्ट्रातही २०१० नंतर मुंबईतील सायन रुग्णालयात आणि जव्हारच्या आदिवासी भागात बालकांसाठी अशा सेवेचा प्रयोग झाला. प्रयोगाचे धोरणात रूपांतर करणे, हे राजकीय काम आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. बालकांसाठी अतिदक्षता खाटा किती, आणि त्यांपैकी चालू किती? दोन्ही वैद्यकीय मंडळे स्थापन झाली आहेत काय? मॉर्फिन उपलब्ध आहे काय? अखेरच्या घटकेला आईला मुलाजवळ बसू देतात की भेटीची वेळ संपली म्हणून बाहेर काढतात? ‘सल्ल्याविरुद्ध’ किती मुले घरी नेली गेली, आणि त्याचे खरे कारण कुणी नोंदवले काय? ही नोंद होऊ लागली, तर दडलेले सत्य आकड्यांत दिसू लागेल, आणि जे दिसते त्याला उत्तर द्यावेच लागते. खाजगी रुग्णालयात अडकलेल्या कुटुंबाला सार्वजनिक खाट मिळवून देणे, घरी आणलेल्या मुलापर्यंत औषध आणि परिचारिका पोहोचवणे, ही कामे तर आजपासून करता येतील.

मोर्चे, सभा आणि निवडणुका यांच्या गदारोळात एका मरणासन्न मुलाच्या खाटेशेजारी जाऊन बसणे हे लहान काम वाटेल. पण १९५२ साली कोपनहेगनच्या त्या विद्यार्थ्यांनी नेमके हेच केले. वाचणाऱ्यासाठी त्यांनी पिशवी दाबली आणि जी मुले वाचली नाहीत त्यांच्याजवळही शेवटपर्यंत तेच बसले होते. बापाच्या एकट्या हातातील ती पिशवी समाजाने आपल्या हाती घ्यावी, आणि ती खाली ठेवण्याची वेळ आलीच, तर त्या क्षणीही त्याला एकटे सोडू नये.