ट्रक विकत घ्यावा की भाड्यानं करावा?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गावोगावच्या बैठकांत आम्हाला एकच प्रश्न ऐकू येतो आहे. दिवाळीनंतर ट्रकवाला मागेल ते भाडं द्यावं लागतं, मग गावानं वर्गणी काढून आपलाच ट्रक का घेऊ नये?

प्रश्न रास्त आहे. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. तिच्या काळात आपलाच कापूस आपल्याला राज्याच्या हद्दीबाहेर नेता येत नसे. ती बेडी तुटली. पण दारात गाडी लागत नसेल तर हवं तिथं विकायचा हक्क कागदावरच राहतो आणि कापूस खेडा व्यापाऱ्याच्या काट्यावर, त्याच्या भावानं जातो. म्हणून हिशेब वहीत मांडू.

हप्ता, ड्रायव्हरचा पगार, विमा, कर, परमिट, पासिंग हा खर्च ट्रक उभा असला तरी चालूच राहतो. समजा तो वर्षाला ६ लाख रुपये आहे. भाड्याची एक खेप ९ हजारांना पडते. आपल्या ट्रकला त्याच खेपेचं डिझेल, टायरची झीज आणि दुरुस्ती धरून ४ हजार लागतात. खेपेमागं वाचले ५ हजार. म्हणजे ६ लाख भरून काढायला १२० खेपा हव्यात.

आता गावाकडं बघा. १०० घरं, घरटी २० क्विंटल कापूस, एकूण २ हजार क्विंटल. खेपेला ५० क्विंटल धरले तर ४० खेपा. ज्वारीच्या १० धरा. झाल्या ५०. उरलेल्या ७० कुठून आणायच्या? कोरडवाहू गावाचा ट्रक चार महिने धावेल आणि आठ महिने बाभळीखाली उभा राहील. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते आपण पाहिलं. तसं साल आलं तर खेपा निम्म्या होतील, हप्ता निम्मा होणार नाही.

कुणी म्हणेल, उरलेले महिने बाहेरचं भाडं मारू. ट्रकवाल्याला परवडतं ते परतीचा माल मिळतो म्हणून. तो माल शोधणं हा बारमाही धंदा आहे. पेरणी सोडून तो कोण करणार?

खरी मेख वेगळीच आहे. कापूस वजनाला हलका, पण जागा खातो. ५० क्विंटल भरले तर ९ हजारांचं भाडं क्विंटलला १८० रुपये पडतं. २५ क्विंटलच भरले तर ३६०. आपण एकेकटे गाडी करतो आणि अर्ध्या रिकाम्या गाडीचं भाडं भरतो. ८ क्विंटलवाल्याला तर गाडी परवडतच नाही, तो दारातच विकतो. भाडं उतरतं ते भरलेल्या ट्रकमुळं, मग ट्रक कुणाच्याही नावावर असो.

तेव्हा आमचं म्हणणं असं :

१. दसऱ्याआधी गावाची यादी करा. कुणाचा किती माल, कोणत्या पंधरवड्यात निघणार.

२. यादी घेऊन दोन-तीन ट्रकवाल्यांशी हंगामाचा दर एकदम ठरवा आणि लिहून घ्या. जिनिंगच्या दारात गाडी अडकली तर खोळंब्याचे पैसे किती, हेही त्यातच ठरवा.

३. प्रत्येकाचा माल गावातच वेगळा मोजा, गाठोड्यांवर खूण करा. ओला कापूस भरू देऊ नका, एकाच्या ओलीनं सगळ्या गाडीचा भाव पडतो.

४. बिल्टी घ्या. तिच्यावर वजन आणि किंमत लिहून घ्या. माल भिजला किंवा कमी भरला तर भांडायला तोच कागद कामी येतो.

पाच-सहा गावांच्या याद्या जोडून, येताना खत-पेंड आणून १२० खेपा खरोखर भरत असतील, तर ट्रक जरूर घ्या, आम्ही सोबत आहोत. पण आधी एक हंगाम यादीवर काढा. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावानं आपली वही घेऊन यावं. किती खेपा झाल्या, क्विंटलला भाडं किती पडलं, हे आकडे समोर ठेवूनच आपण निर्णय करू.