कच्चे पान पिकवताना



पाने खाणे आपल्या आसगावाला, पवनीकडच्या सगळ्या चौरास भागाला कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात तरोटा आणि पातूर, थंडीत मेथी, पालक, हरभऱ्याची आणि लाखोळीची भाजी, ऊन तापले की चिवळ, घोळ, आंबाडी. पण ही जवळजवळ सगळी पाने चुलीवरून ताटात येतात. शेतात पानाला काही लागले असेल तर पुष्कळसे त्या आचेवर निस्तरते. कच्चे आपण खातो ते थोडके: सांबार (कोथिंबीर), कांद्याची पात, मुळ्याचा कोवळा पाला, बांधावरून जाता जाता खुडलेला हरभऱ्याचा शेंडा.

आज ज्या पानांविषयी बोलायचे आहे ती शिजवायचीच नाहीत. मिझुना, कोमात्सुना, तात्सोई अशी त्यांची नावे आहेत. मोठ्या शहरांतली हॉटेले आणि काही घरे ती सॅलडसाठी विकत घेतात, आणि पवनीहून भिवापूर, उमरेड करत नागपूर एका सकाळच्या अंतरावर आहे. म्हणून आपल्या तरुण कास्तकारांनी हा विषय काढला, याचा मला आनंद आहे. माझे म्हणणे एवढेच, की पान कच्चे खायचे ठरले की हंगाम, खत, पाणी आणि गिऱ्हाईक या चारही गोष्टींचा नव्याने विचार करावा लागतो. बी कुठे मिळते हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी या पाहुण्यांची ओळख. मिझुना ही क्योतोची भाजी. क्योतो हजार वर्षांहून अधिक काळ जपानची राजधानी होते आणि समुद्रापासून दूर. ताजी मासळी तिथे दुर्मीळ, म्हणून दरबार, मंदिरे आणि मठ यांच्यासाठी आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या भाज्या निवडत, सुधारत नेल्या. आजही त्या भाज्या क्योतोच्या नावाने, मानाने विकल्या जातात. आपल्या भंडारा चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे असाच पिढ्यांचा हात आहे. कोमात्सुना ही तोक्योकडची. दिसायला आणि चवीला या भाज्या वेगवेगळ्या असल्या तरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मिझुना, कोमात्सुना, तात्सोई, सलगम आणि उत्तर भारतातली तोरिया व पिवळी सरसो ही एकाच जातीची भावंडे आहेत. मधमाश्या त्यांचा परस्पर संकर घडवतात. घरचे बी धरायचे असेल तर शेजारच्या वावरात सरसो फुलात आहे की नाही हे पाहावे लागते, नाहीतर पुढच्या वर्षी भलतेच पान उगवते. आणि सरसोवर येणारा मावा, पाने खाणारी काळी अळी, चौकोनी ठिपक्याचा पतंग हे सगळे या जपानी पानांनाही ओळखतात. परदेशी पीक म्हणजे कीड लागणार नाही, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

आता हंगाम. जपान-युरोपात ही पाने वसंतातही लावतात. ते वाचून आपल्याकडेही कोणी माघात बी टाकायला निघेल, आणि तिथेच सगळे बिघडेल. क्योतोत एप्रिलमध्ये दुपार विसाच्या आसपास असते, मे महिन्यात पंचविशीच्या. आपल्याकडे जानेवारीतली सरासरी दुपारच २८ अंशांच्या घरात जाते. म्हणजे त्यांच्या वसंताच्या सर्वांत जवळ येणारे आपले दिवस पौषाचे. मार्चमध्ये पारा ३५ पार करतो, दिवस लांबू लागतो, आणि मिझुना पान वाढवायचे सोडून दांडा काढते. पान राठ होते, तिखटपणा कडू होतो. हिरवी जाळी बांधून आठ-पंधरा दिवस लांबवता येतात, त्याहून जास्त नाही. म्हणून आसगावातली वसंतातली भाजीबाग कार्तिकात सुरू व्हायला हवी. दिवाळी आटोपली, पाऊस गेला, रात्री थंडावल्या की पहिला वाफा. मग दर दहा-बारा दिवसांनी एकेक वाफा पेरत जायचे, म्हणजे माघाच्या अखेरीपर्यंत कापणी तुटत नाही. बी तीन-चार दिवसांत उगवते, कोवळे पान साधारण तीन ते चार आठवड्यांत कापायला येते. जमिनीपासून तीन-चार बोटे ठेवून कापले तर तोच वाफा पुन्हा फुटतो. दोन कापण्या चांगल्या मिळतात, तिसरी थंडी टिकली तर.

आणि फाल्गुन-चैत्रात? तेव्हा जागा आपल्या पानांची. घोळ आपण भाजीत शिजवतो, पण तुर्कस्तान, ग्रीस, लेबनॉन या देशांत ती कच्ची, टोमॅटो-काकडीबरोबर खातात. आंबट, रसरशीत पान आहे ते, आणि उन्हाला भीत नाही. कोवळी आंबाडी, कोवळी लाल भाजी, सांबार यांचीही जोड देता येते. एका पानाबद्दल मात्र सावध करतो. लाखोळीचे कोवळे शेंडे या मिश्रणात घालू नका. पाय लुळे पाडणाऱ्या आजाराशी जोडलेले द्रव्य लाखोळीच्या कोवळ्या पानात जास्त असते. घरी अधूनमधून शिजवून खाल्लेली भाजी ही एक गोष्ट, आणि अनोळखी माणसाच्या ताटात रोज कच्चे पान पाठवणे ही दुसरी.

जमिनीचे थोडक्यात सांगतो. चिखलणी केलेल्या धानाच्या बांधीत, विशेषतः कन्हारीत, हे मोहरीएवढे बी उगवून वर येणे कठीण. ढेकूळ फुटत नाही, खाली कडक थर. घराजवळची वाडी घ्या, सिहार किंवा खरडी असेल तर उत्तम, मीटरभर रुंदीचे उंच वाफे करा, मधून चालायची वाट ठेवा. दहा गुंठ्यांहून जास्त जागेला पहिल्या वर्षी हात घालू नका. श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून दहा गुंठ्यांचे गणित महाराष्ट्रापुढे मांडले, तेव्हा त्यांचा भर क्षेत्रफळावर कमी आणि पानावर पडणाऱ्या उन्हाच्या हिशेबावर जास्त होता. पालेभाजीइतके ते गणित दुसऱ्या कुठल्या पिकाला लागू पडत असेल असे मला वाटत नाही.

इथे थोडे आडवळण घेतो, कारण जपानचे नाव निघाले की मासानोबू फुकुओकांचे नाव निघणारच. शिकोकू बेटावरच्या या शेतकऱ्याचे ‘एका काडातून क्रांती’ हे पुस्तक आपल्याकडच्या कित्येक नैसर्गिक शेती करणाऱ्यांनी वाचले आहे. मूळ जपानी पुस्तक १९७५ चे, आणि १९८८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. धान उभे असतानाच ते त्यात क्लोव्हर आणि जवाचे बी फेकत, धान कापले की तणस पुन्हा शेतातच पसरत, नांगर लावत नसत. जगभरचे लोक ते पाहायला त्यांच्या शेतावर जात. मंडळी, उभ्या धानात ओल धरून लाखोळी, जवस, हरभरा फेकायचा हा उतेरा आपल्या आजोबा-पणजोबांनी केला, त्यांच्या आधीच्यांनीही केला. जपानकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण आपण रिकाम्या हातांनी शिकायला बसलेलो नाही. उतेऱ्यातून जमिनीला मिळणारे नत्र आणि हार्वेस्टरमागे जाळून टाकले जाणारे तणस, या दोन गोष्टी वाडीकडे वळवल्या तरी खताचा अर्धा प्रश्न सुटेल. तणसाचे आच्छादन वाफ्यांमधल्या वाटांवर टाका. पावलांचा चिखल पानावर उडत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

खताकडे आता जरा नीट पाहू. सेंद्रिय म्हटले की विष नाही, एवढे आपण पक्के धरतो. पण कच्च्या पानाला धोका विषाचा जितका, तितकाच जंतूंचा. ताज्या शेणात माणसाला आजारी पाडणारे जंतू असू शकतात. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे, की खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर कच्चे शेणखत घातल्यापासून कापणीपर्यंत किमान १२० दिवस जायला हवेत. मिझुना तर महिन्याभरात ताटात जाते. म्हणजे ताजे शेण या वाफ्याच्या जवळही नको. ढीग लावून, ५५ अंशांच्या वर तापवून, पाच वेळा उलटून मुरवलेले खत, किंवा तशा खतावर केलेले गांडूळखत, एवढेच वापरायचे. ढिगात हात घातला तर चटका बसला पाहिजे. अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी एकरी दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि दोनशे लिटर पाण्याचे जीवामृत घराघरांत पोहोचवले. धानाला, तुरीला, फळझाडांना ते जरूर द्या. सॅलडच्या उभ्या वाफ्यावर मात्र शिंपडू नका. तिथे वाफा तयार करण्याच्या फार आधी, मोकळ्या जमिनीतच त्याला जागा. माव्यासाठी निंबोळी अर्क चालेल, पण फवारणी आणि कापणी यांत अंतर ठेवून आणि पान धुऊन. बारीक जाळी पहिल्या दिवसापासून टाकली तर फवारणीची गरजच पुष्कळ कमी होते.

आणि आता पाणी, ज्याच्यासाठी मी मुख्यतः इथे उभा आहे. आपला मुलूख पाण्याचा जाणता. कोहळी समाजाने तलाव बांधले, नवेगावबांध उभे केले, बोड्या राखल्या, वैनगंगेच्या रेतीत डांगरवाड्या फुलल्या. मग गोसेखुर्द धरण आले. २२ एप्रिल १९८८ ला त्याची पायाभरणी झाली, गावे उठली, आणि आज पवनी-लाखांदूरच्या शिवारात कालव्याचे पाणी दिसते. पण त्या पाण्याचा प्रवास मागे मागे जाऊन पाहा. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीत, नाग नदी कन्हानात, कन्हान वैनगंगेत, आणि वैनगंगा गोसेखुर्दच्या जलाशयात. नाग नदीच्या शुद्धीकरणाच्या मोठ्या प्रकल्पाचे भूमिपूजन २०२२ च्या डिसेंबरात झाले. ते काम पुरे होऊन नदी खरोखर स्वच्छ वाहीपर्यंत जलाशयाचे पाणी धानाला चालेल, पण कच्च्या पानावर ते शिंपडणे मला मान्य नाही.

म्हणून वाडीला विहिरीचे पाणी द्या, आणि तेही तपासून. प्रयोगशाळेत कोलिफॉर्म जंतूंची तपासणी होते, ती पेरणीआधी एकदा आणि कापणीच्या हंगामात पुन्हा करून घ्या. तुषार सिंचन टाळा. ठिबकने पाणी मुळाशी जाते, पान कोरडे राहते, रोगही कमी. कापणी उजाडायच्या सुमारास. पान लगेच सावलीत, पिण्याच्या लायकीच्या गार पाण्यात धुवायचे आणि पूर्ण निथळायचे. ओले पान पिशवीत बंद केले तर दुपारच्या आत चिकट होते. बर्फाच्या पेटीतून पाठवले तर दोन-तीन दिवस टवटवीत राहते. या कामात घरच्या बायांचा हात सर्वांत जास्त लागणार. निवडणे, धुणे, भरणे हे त्यांचेच कौशल्य. म्हणून पैशाचा व्यवहारही त्यांच्या हातात असावा, असे मी आग्रहाने सांगतो.

राहिले गिऱ्हाईक. हे पान गुजरीत चालणार नाही. गुजरीत मेथीच्या जुडीशेजारी मिझुनाची जुडी ठेवली तर कोणी थांबणार नाही, आणि का थांबावे? मोठ्या दलालाकडे दिले तर पहिल्या नासलेल्या पेटीबरोबर सगळा माल परत येईल. इथे जपानकडून खरोखर घेण्यासारखी एक गोष्ट आहे. १९७० च्या दशकात तिथल्या गृहिणी रासायनिक प्रदूषणाने हवालदिल झाल्या होत्या. त्यांनी शेतकऱ्यांशी थेट करार सुरू केले. १९७१ मध्ये तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकाराने जपान सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली, आणि या पद्धतीला ‘तेइकेइ’ म्हणून ओळखू लागले. ठरावीक कुटुंबे एका शेतकऱ्याला बांधलेली. शेतात जे पिकेल ते घ्यायचे, किंमत दोघांनी बसून ठरवायची, कुटुंबांनी अधूनमधून शेतावर येऊन काम करायचे.

नागपुरातली अशी कुटुंबे आपण जोडू शकतो. आठवड्याला एक टोपली: पौषात मिझुना, कोमात्सुना, पालक, मुळे, फाल्गुनात घोळ, सांबार, चवळीच्या शेंगा, वांगी. त्यात चिन्नोरचे थोडे तांदूळ. प्रमाणपत्रासाठी पाच-सात शेतकऱ्यांनी मिळून पीजीएसचा गट करावा. सरकारची ही सहभागी हमीची पद्धत आहे, शेतकरी एकमेकांच्या शेताची तपासणी करतात, खर्च कमी. तिचे प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे, आणि साकोलीचे कृषी विज्ञान केंद्र आपल्या जिल्ह्यातले. यवतमाळच्या सुभाष शर्मांनी रासायनिक शेती सोडून पाणी आणि माती राखत नैसर्गिक शेती टिकवली, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विदर्भात हे होत नाही, असे आता कोणी म्हणू शकत नाही.

पण तेइकेइतला तो करार दोन्ही बाजूंचा होता, हे विसरू नका. नागपूरकर आपल्याकडे स्वच्छ पान मागणार, तो त्यांचा हक्क. त्यांच्या शहराचे सांडपाणी आपल्या नदीत न येणे, हा आपला हक्क. ज्या कुटुंबांना आपण टोपली पाठवू, त्यांना सुगीच्या सुट्टीत वाडीवर बोलवा, आणि वाडी दाखवून झाली की गोसेखुर्दच्या काठावरही घेऊन जा. त्यांनी ते पाणी डोळ्यांनी पाहावे. महापालिकेला जाब विचारायचा तर शहरातल्या मतदाराने विचारलेला जाब लवकर ऐकला जातो.

या वर्षीचे काम मी एवढेच सुचवतो. दसऱ्याच्या आधी विहिरीच्या पाण्याची तपासणी. त्याच वेळी खताचा ढीग लावायला सुरुवात, म्हणजे तो नीट मुरायला वेळ मिळेल. नागपुरातली दहा कुटुंबे, जी हिवाळाभर टोपली घेतील. हे तीन जमले तर दिवाळीनंतर दोन वाफे मिझुनाचे, दोन कोमात्सुनाचे, आणि बाकी सगळी वाडी मेथी, पालक, सांबार, मुळा यांची. पाण्याचा अहवाल खराब आला तर या वर्षी सॅलड पेरू नका. मेथी-पालक पेरा, ती शिजते.