गरीब घरातील संस्कार
(पालक मेळाव्यातील भाषण)



अमेरिकेतील गरीब कृष्णवर्णीय आईबाप मुलांना कसे वाढवितात, हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डॉ. डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या आणि आपल्या प्रश्नांतील साम्य दाखविले होते.

१९६५ साली तेथील श्रम खात्याचे अधिकारी मॉयनिहन यांनी एक अहवाल लिहिला. गुलामगिरी व बेकारीचा उल्लेख त्यांनी केला खरा. पण बोट अखेर कृष्णवर्णीयांच्या मोडक्या घरांकडेच वळले. १९७२ साली समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट हिल यांनी त्याच घरांची बलस्थाने मांडली : घट्ट नातीगोती, कष्टाळूपणा, पुढे जाण्याची जिद्द, धर्मश्रद्धा आणि पडेल ते काम घरातील कोणीही उचलण्याची तयारी. आई कामावर गेली, तर आजी किंवा मावशी मूल सांभाळते. हे आपल्याला नवे नाही.

डेट्रॉइटच्या सोन्या कार्सन जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेल्या. लोकांच्या घरची साफसफाई करून त्यांनी एकटीने दोन मुले वाढविली. टीव्हीवर मर्यादा घातली. आठवड्याला वाचनालयातील दोन पुस्तके वाचून त्यांवर लिहून दाखवायचे, असा नियम केला. स्वतःला नीट वाचता येत नसतानाही त्या मुलांच्या कागदांवर खुणा करीत. धाकटा बेन पुढे मेंदूचा नामवंत शल्यविशारद झाला.

पण या घरांत धाकही मोठा. १९५५ साली मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलचा गोऱ्यांनी खून केला. पोराची एक चूक जिवावर बेतेल, या भीतीने आईबापांचा हात उठतो. मात्र हा मार भीतीचा वारसा आहे, तो थांबवा, असे कृष्णवर्णीय लेखिका स्टेसी पॅटन यांनी २०१७ सालच्या पुस्तकात स्वजनांनाच बजावले.

बंधू-भगिनींनो, आम्हीही मुलाचे प्रगतिपुस्तक पाहून हात उगारला आहे. 'आपल्याला दुप्पट शिकावे लागते', ही भीती आमच्याही मनात होती. त्या धपाट्याने गुण वाढले नाहीत. मुलगा प्रगतिपुस्तक लपवू लागला, एवढेच झाले.

तथागतांनी राहुलाला खोटे बोलण्यातला दोष समजावला, तो भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून. हातात छडी नव्हती. रोज अर्धा तास मुलाजवळ बसायला पैसा लागत नाही. अक्षर येत नसेल, तर मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि ऐका. एवढा संकल्प आज करू या.

जय भीम! नमो बुद्धाय!