पहिली खिडकी कोरी का राहते?

(नवशिक्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झाले; लातूर येथे त्याचा उपपरिसर आहे. विद्यापीठाच्या स्थापनेच्या पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्सने जावा ही ऑब्जेक्ट ओरिएंटेड संगणकभाषा जाहीर केली. तिच्यातील पहिल्या सचित्र प्रोग्रामविषयी आज बोलावयाचे आहे.

मी कला शाखेचा पदवीधर. चाळिशी उलटल्यावर हौसेने जावा शिकू लागलो. पडद्यावर खिडकी उघडून तीत एक वर्तुळ काढावयाचे, एवढाच माझा पहिला प्रोग्राम. खिडकी उघडली, वर्तुळ मात्र उमटले नाही. संगणकाने चूकही दाखविली नाही. दोन रात्री मी त्याच ओळी वाचीत बसलो आणि 'हे इंग्रजी माध्यमवाल्यांचे काम' अशी मनाची समजूत घालू लागलो.

कारण अगदी साधे निघाले. चित्र काढणाऱ्या कृतीचे नाव 'पेंटकॉम्पोनंट'. त्याच्या मधले 'सी' हे रोमन अक्षर मोठे हवे. मी लहान लिहिले होते. जावा लहान-मोठ्या अक्षरांत भेद करते. माझी कृती तिने निराळी, नवी कृती मानली. म्हणून ती चूक ठरली नाही. पण तिला कोणी पाचारणही केले नाही. वारशाने आलेली मूळ कृतीच चालत राहिली. यावर उपाय असा की, कृतीच्या वरच्या ओळीत 'ॲट ओव्हरराइड' ही खूण लिहावी. मग नाव जुळले नाही, तर कंपायलर तत्काळ हरकत घेतो.

आणखी काही अडचणी नित्याच्याच आहेत. खिडकीच दिसत नसेल, तर 'सेटव्हिजिबल'ला 'ट्रू' सांगितले आहे काय, ते पाहावे. जेफ्रेम तयार झाली तरी ती आपण होऊन दिसत नाही. नुसती शीर्षकाची पट्टी दिसत असेल, तर आकार द्यावयाचा राहिला असेल. खिडकी बंद करूनही प्रोग्राम चालूच राहिला, तर ती केवळ लपली आहे असे समजावे. 'एक्झिट ऑन क्लोज' स्पष्टपणे सांगावे लागते. चुकांची लांब यादी आली, तर घाबरू नये. पहिलीच चूक व तिचा ओळक्रमांक वाचावा, तेवढी दुरुस्त करावी आणि प्रोग्राम पुन्हा चालवावा. पुष्कळदा खालच्या चुका त्या पहिलीतूनच उद्भवलेल्या असतात.

इंग्रजी संदेशांचे अर्थ मराठीत वहीत उतरवून ठेवा. तेच संदेश पुन्हा पुन्हा भेटतात. शिकण्याचे माध्यम कोणते होते, हे संगणक विचारीत नाही. खिडकी कोरी दिसली, तर निराश होऊन उठू नका. आधी ते एक अक्षर तपासा.